गोड्या पाण्यातले केंड

घरी बोलावून आणलेल्या माणसाला बाहेरून कुलूप लावून निघून जायचं, ही रीत माझा मुलगा कुठल्या शाळेत शिकला देव जाणे. मी तरी शिकवली नव्हती. आमच्या गावात गाय बांधतात तीसुद्धा दावं सैल ठेवून.

"आई, गॅसला हात लावू नकोस. कोणी बेल वाजवली तर आतूनच विचार. आणि माशांना काही घालू नकोस, मी संध्याकाळी देतो." दिगू जाळीच्या दारापलीकडून सांगत होता. पाठीला बॅग, हातात चावी.

"आणि श्वास घेतलंय तर चलात मा?" मी विचारलं.

"आई, सकाळी सकाळी नको ना."

खट्ट. मग लिफ्टचा आवाज. सून वैदेही त्याच्या आधीच सातला गेलेली असायची, ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची. म्हणजे सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पिंपरीतल्या त्या सहाव्या मजल्यावर मी, एक टीव्ही आणि चार मासे.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा सहासष्ट वर्षांची होते. मे महिन्यात बंदरावर शेवाळावरून पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. आत सळी घातली. दिगू गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "पंधरा दिवस चल माझ्याकडे." प्लास्टर निघालं, सळी आपली जागा धरून बसली, पण ते पंधरा दिवस काही संपेनात. अडीच महिने झाले होते.

कुलपाला कारण मीच दिलं, ते लपवत नाही. पहिल्याच आठवड्यात मी कोणाला न सांगता खाली उतरले आणि विचारत विचारत मासळी बाजार शोधून काढला. तिथे एक बाई कालचं पापलेट वर आणि आजचं खाली मांडून बसली होती. तिला मांडणी शिकवता शिकवता दुपार टळली. घरी आले तर दिगू जिन्यात बसून रडत होता. पाच तास शोधलं होतं म्हणे मला. बाप गेल्यावर रडला नव्हता तेवढा रडला. ते रडणं मला महागात पडलं. दुसऱ्या दिवसापासून कुलूप.

त्या दिवशी तो गेला आणि पाठोपाठ शेवंतीचा फोन आला. बाजारात ती माझ्या उजव्या हाताला बसते. चाळीस वर्षं आम्ही एकमेकींची गिऱ्हाइकं पळवली आणि एकमेकींच्या बाळंतपणांना धावलो.

"गे द्वारके, खंय मेलंस? पुनव सा दिवसांवर इली. सुंदराच्या सुनेन काल येवन तुझ्या जागेची फरशी धुतल्यान."

"धुवंदे. माझी फरशी फुकट साफ झाली."

"हसा नको. मी तुझी पाटी ठेवन जागा राखतंय. पण नारळ पडल्यावर पाटीचा कोण ऐकता? बाई व्हयी थंय."

हे खरं होतं. आमच्या बाजारात जागेला कागद नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, बाजार बंद. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की हंगाम उघडतो, आणि त्या पहिल्या पाटीला, म्हणजे मासळीच्या पहिल्या टोपलीला, जी बाई जिथे बसेल ती जागा वर्षभर तिची. रिकामी राहिली की गेली. माझी जागा माझ्या सासूची, खांबाजवळची, दोन्हीकडून येणारं गिऱ्हाईक आधी तिथे अडतं. त्या जागेवर बसून मी दिगूला इंजिनेर केला. सासू ताप अंगात घेऊन पुनवेला येऊन बसली होती, दुसऱ्या दिवशी वारली. जागा सोडली नाही.

"येतंय मी," मी म्हटलं.

"कशी येतलंस? झिलान, दिगून, सोडल्यान?"

"माका कोण धरून ठेवता?" असं बोलले आणि दाराकडे पाठ केली.

दिगूला मी तीनदा तिकीट काढायला सांगितलं होतं. पहिल्यांदा म्हणाला, डॉक्टरला विचारू. दुसऱ्यांदा म्हणाला, गणपतीनंतर बघू. तिसऱ्यांदा म्हणाला, "आता कशाला तो बाजार, आई? बस की निवांत." मी निवांत बसावं म्हणून त्याने मला माशांसमोर खुर्ची टाकून दिली होती.

आता ते मासे. हॉलमध्ये काचेची पेटी, दोनेक घागरी पाणी मावेल एवढी. मी आले त्या दिवशी त्याने मोठ्या हौसेने दाखवली. मी वाकून बघितलं आणि मला हसूच आवरेना. पेटीत केंड! चिंचोक्याएवढे, पिवळट हिरवे, अंगावर काळे ठिपके, पण केंडच.

"मेल्या, अख्ख्या दुनयेत तुका पाळूक केंडच गावलो?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. केंड म्हणजे आमच्याकडे शिवी. जाळ्यात आला की नायलॉन दातांनी तोडतो, पोटात विष, मांजर हुंगून पुढे जातं. बाहेर काढला की पोट फुगवून चेंडू होतो आणि पोरं लाथा मारत वाळूत नेतात. माझ्या नवऱ्याची अर्धी जाळी केंडांनी खाल्ली, आणि त्याच्या मुलाने ते पैसे देऊन विकत आणले.

"हे समुद्रातले नाहीत, आई. केरळातल्या नद्यांमधले. गोड्या पाण्यातले," दिगू म्हणाला.

"नदीत केंड? तू माका शिकवतंस?" खाडीत वर चढलेला केंड मी बघितला होता, पण भरतीबरोबर येतो आणि ओहोटीबरोबर जातो. मिठाशिवाय केंड राहतो हे मला पटेना. इंजिनेर झाला म्हणून समुद्र त्याला कळतो असं थोडंच आहे?

पेटीत त्याने दाट झुडपं लावली होती. एकाला दुसरा सारखा दिसत राहिला तर मारामाऱ्या करतात म्हणे. मी म्हटलं, मग सोफ्यावर पण लाव झाडं, आपण तिघं आहोत. वैदेही तोंडावर हात धरून हसली, दिगू नाही हसला.

नावं ठेवली तरी दिवसभर बघायला दुसरं काय होतं? सगळ्यात मोठ्याचं नाव मी तांडेल ठेवलं. होडीवरच्या म्होरक्यासारखा तो पेटीभर फिरून सगळ्यांवर नजर ठेवायचा. त्यांचे डोळे दोन बाजूंना दोन वेगळे फिरतात. मी खुर्चीत बसले की तांडेल काचेशी यायचा, एक डोळा माझ्यावर आणि एक शेजारच्या बरणीवर. बरणीत दिगूने त्यांच्या खाण्यासाठी बारीक शंख वाढवले होते. शंख आत टाकला की चौघे भोवती जमायचे, डोकं तिरकं करून न्याहाळायचे, आणि मग कट्ट! एवढ्याशा जिवाचे ते दात. मला आमच्या बाजारातल्या बायका आठवायच्या.

पण दोन दिवस झाले तांडेल तळाला पडून होता. पोट खाली टेकलेलं, रंग काळवंडलेला. काल दिगूला दाखवलं तर म्हणाला, "बघतो, रविवारी पाणी तपासतो." रविवार चार दिवसांवर. आमच्याकडे मासा रविवारची वाट बघत नाही.

शेवंतीचा फोन ठेवून मी खुर्चीत बसले ती दुपार होईपर्यंत. तांडेल वर आला नाही. शंख टाकला, बघितलासुद्धा नाही. मला वाटलं, हा आता जाणार. आणि मला सगळं समजलं असं वाटलं. मिठाचा जीव आहे, अळणी पाण्यात कोंडलाय. ज्याला समुद्र हवा त्याला नळाचं पाणी देऊन वर झुडपं लावून काय होणार?

स्वयंपाकघरात माझी बरणी होती. शिरोड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ, बांगडे खारवायला लागतं म्हणून मी जाते तिथे बरोबर नेते. पाच मुठी घातल्या. हिशेब समुद्राचा धरला होता, पेटीचा नाही.

पहिल्यांदा वाटलं, झालं काम. चौघेही उठले. तांडेल तळापासून वर, वरून खाली, सरसर फिरायला लागला. मी टाळी वाजवली. "गावलो मां समुद्र?" असं मोठ्याने म्हटलं.

मग बाकीचे तिघे पाण्याच्या वर तोंड काढून घोट घ्यायला लागले. एक जण काचेवर आपटला, पुन्हा आपटला. आणि त्यातला एक फुगला. पोट वर, चेंडू झालेला, बारीक पंख वाऱ्यावरच्या चिंधीसारखे हलवत तो पाण्यावर गोल गोल फिरायला लागला.

केंड फुगलेला मी जन्मभर बघितलाय. खुशीने फुगत नाही तो.

मी पेटीत हात घातला. खडे अजून तळाला होते, विरघळत होते. हाताला लागतील तेवढे काढले, पण पाणीच खारट झालं होतं, त्याला काय करणार? नळ सोडला तर नळाला पाणी नाही, दुपारी बारानंतर त्या इमारतीत पाणी बंद. मी दाराशी गेले. जाळीतून बोटं बाहेर काढून समोरचं दार वाजवता येईना, म्हणून लाटण्याने जाळी बडवली. समोरची पोरगी बाहेर आली, कानाला फोन लावलेला.

"काय झालं, आजी?"

"पाणी हाय काय गे, साठवलेला? मासे मरतत."

"हो, आहे ना. दार उघडा, देते."

मी जाळीला धरून उभी. ती कुलपाकडे बघते, माझ्याकडे बघते.

"आजी, बाहेरून कुलूप आहे? तुम्हाला आत ठेवून?"

आता काय सांगू? माझ्या मुलाला मी कधी कोणासमोर कमी केलेलं नाही.

"बिघडला गे ता कुलूप. आपोआप लागता. झिल येतलो आता उघडूक."

"मी फोन करू का त्यांना?"

"नको, येताच हा तो."

ती गेली. दार लावून घेतलं तिने, पण हळूच, माणूस आजारी असलेल्या घराचं लावतात तसं.

मग मी वैदेहीला फोन लावला. दिगूला लावला नाही. का नाही, ते माझं मला माहीत होतं.

"किती मीठ, आई?" ती म्हणाली.

"पाच मुठी."

ती अगदी थंडपणे सांगायला लागली, लॅबमध्ये सांगत असेल तशी. "बरं. घाबरू नका. बाल्कनीत निळा पिंप आहे, त्यातलं पाणी माशांसाठीच ठेवलेलं असतं. आधी पेटीतलं निम्मं काढा. मग नवं घाला, पण तांब्या तांब्याने, थांबत थांबत. एकदम घातलंत तर पुन्हा धक्का बसेल. मी ह्यांना कळवू?"

"कळव. नायतरी दिसतलाच त्याका."

"आणि आई, मीठ का घातलंत?"

"तांडेल खायना. पडान होतो."

"तुम्ही दुपारचं काही घालता का त्याला?"

मी बरणीतल्या शंखांकडे बघितलं.

"आई?"

"दोन शंख. कधी चार. तो मागता माझ्याकडे."

"आणि संध्याकाळी हे घालतात," वैदेही म्हणाली. "आई, तो आजारी नव्हता. त्याचं पोट भरलं होतं."

तांब्याने पाणी काढलं, तांब्याने घातलं. बाल्कनी ते पेटी अकरा पावलं. डाव्या हातात जोर नव्हता म्हणून एका वेळी एकच तांब्या, तोही अर्धा. किती खेपा झाल्या मोजल्या नाहीत. मनगटातली सळी ठणकायला लागली तेव्हा तांब्या कोपरात धरला. फुगलेला होता तो तिसऱ्या की चौथ्या खेपेला फिरायचा थांबला. काचेवर आपटणारा झुडपात शिरला आणि तिथेच अडकून राहिला, मी बोटाने हलवला तर नुसता हलला. तांडेल आणि सगळ्यात लहान तेवढे कोपऱ्यात श्वास घेत होते. मी भुईवर बसले. लुगडं ओलं, भुई ओली. चाळीस वर्षांत टोपल्या टोपल्या मासे मी मेलेले बघितले, विकले, कापले. दोन चिंचोक्यांसाठी मी त्या दिवशी डोळ्याला पदर लावला, हे शेवंतीला अजून सांगितलेलं नाही.

चारला दिगू आला. कुलूप काढलं, आत आला, बॅगसुद्धा न उतरवता पेटीशी गेला. मेलेले दोघे मी बशीत काढून ठेवले होते. त्याने बशी बघितली.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाय. माका वाटला."

"तुला वाटलं!" त्याचा आवाज चढला. माझ्यासमोर त्याने आवाज चढवलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "नदीतले आहेत, नदीतले आहेत, दहा वेळा सांगितलं तुला! त्यांना काय हवं ते तू कसं ठरवलंस? त्यांना बाहेर येता येतं का, आई? आपण देऊ त्याच पाण्यात त्यांना राहावं लागतं. नको म्हणून सांगता येत नाही त्यांना. तू प्रेमानेच केलं असशील, पण म्हणून काय झालं? जीव कोंडून मेले ना ते!"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या हातात कुलूप तसंच होतं, चावी लावलेली.

कुलपाकडे बघितलं त्याने. मग ते ठेवायला जागा शोधायला लागला. टीपॉयवर ठेवलं, उचललं, खुर्चीवर ठेवलं.

"दोन केंड मी मारलंय," मी म्हटलं. "माझो गुन्हो. कबूल. आता ऐक. समोरच्या चेडवाक मी सांगितलंय, कुलूप बिघडला म्हणान. चाळीस वर्सा बाजारात बसलंय, नासको मासो ताजो म्हणान कधी विकूक नाय. आज तुझ्यापायी खोटा बोललंय."

"आई, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"मीठ पण भल्यासाठीच होता."

तो सोफ्यावर बसला. मग म्हणाला, "तिकडे परत पडलीस तर? मी इथून चारशे किलोमीटर. माझं काय होतं रात्री झोपताना, तुला माहीत नाही."

"पडलंय तर उठतलंय. नाय उठलंय तर शेवंती उचलतली. तीका पण मी दोनदा उचललंय."

"आणि कोणी नसलं तर?"

मी खोटं दुसऱ्यांदा बोलणार नव्हते. "तर थंयच पडान ऱ्हवतलंय," मी म्हटलं. "माझ्या बंदरावर."

त्या संध्याकाळी त्याने तिकीट काढलं. वैदेही आली, तिने दोघा मेलेल्यांना कुंडीत पुरलं आणि माझ्या मनगटाला तेल लावून दिलं. चावी तिने माझ्या उशीशी आणून ठेवली. मी कुठेच गेले नाही, पण झोप चांगली लागली.

पुढचं आधी सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. पुनवेला मी खांबाजवळ बसले होते. सुंदराची सून समोरच्या ओळीत बसली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की त्या नजरेने दूध फाटावं. तिने धुतलेल्या फरशीबद्दल मी तिला दोन बांगडे दिले.

पण ते नंतर. दोन दिवसांनी सकाळी दिगू मला लाल गाडीला सोडायला आला. पिशव्या वर ठेवल्या, पाण्याची बाटली दिली, कंडक्टरला तीन वेळा सांगितलं की आईला उतरताना हात द्या. कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, हात देऊ का तिकीट?" गाडीतले हसले. दिगू खाली उतरला आणि माझ्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, केस पिकायला लागलेले, आणि बाजाराच्या दिवशी मला सोडून शाळेत जाताना करायचा तसाच चेहरा.

"तांडेल खातोय आता," तो म्हणाला.

"कमी घाल."

"हो." गाडी सुरू झाली. खिडकीची दांडी धरून तो बरोबर चालायला लागला. "आई, खरं सांग. मी वाईट वागलो का गं तुझ्याशी?"

त्याच्या हातावर मी हात ठेवला, सळीचाच.

"तू वायट नाय, दिगू. तुका मासे पाळूक येतत, माणूस सांभाळूक येणा नाय. ता शिक, आणि मगे माका बोलव."